वारं उतरल्यानंतरचे शब्द

बाळंतिणीनं सव्वा महिना वाचू नये, डोळे कायमचे अधू होतात, हे घरात मीच सांगितलं होतं. मला माझ्या आईनं सांगितलं होतं, तिला तिच्या आईनं. लेक पहिल्या बाळंतपणाला दौंडहून माझ्याकडे राहू गावी आली, तेव्हा तिच्या पिशवीत बाळाच्या कपड्यांखाली पुस्तकं निघाली. ती घरी राहून एम.ए. करते. परीक्षा दीड महिन्यावर आली होती. बाळंत झाल्यावर मी ती पुस्तकं उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि सांगितलं की सव्वा महिना यांना हात लावायचा नाही.

ती भांडली नाही. दोन दिवस बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी न्हाई वाचत. तू वाच, मी ऐकते. कानाला तर कायी होत न्हाई ना?"

मी चौथी शिकले आहे. माहेरी निमोण्याच्या शाळेत चौथी झाली आणि वडिलांबरोबर मेंढरांमागे फिरायला लागले, ते लग्न होईपर्यंत. वाचता येतं म्हणजे एसटीची पाटी वाचता येते, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं, देवीची पोथी वाचता येते. पोथी तर पाठच आहे, तिला वाचणं म्हणता येणार नाही. आणि दुसऱ्यासमोर मोठ्यानं वाचायचं तर त्याहून अवघड. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. सासरी येऊन तीस वर्षं झाली, पण दिराशी मी कधी समोरासमोर बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर लेकीकडून निरोप द्यायचा.

पण लेकीचं वर्ष वाया जायला नको म्हणून बसले. सकाळी तिची अंघोळ-शेक व्हायची. दुपारी बाळ झोपलं, की मी फळीवरून पुस्तक काढायची आणि ओळीखाली बोट धरून वाचायची. ती डोळे मिटून ऐकायची. कादंबरी दुसऱ्या देशातल्या भाषेतून मराठीत आलेली होती. शब्द दगडासारखे होते. अपरिहार्य. निरर्थकता. अस्तित्व.

"आई, जोडाक्षर आलं की तू खोकतीस," लेक म्हणाली.

"खोकला आलाय मला."

"जोडाक्षरालाच येतो व्हय?"

आम्ही दोघी हसलो. बाळ दचकलं.

गोष्ट एका रेल्वेच्या फाटकवाल्याची होती. लढाईचे दिवस. एक अंमलदार फाटकाशी येऊन त्याला विचारतो की तुझा शेजारी कुठे लपला आहे. फाटकवाला तोंडानं बोलत नाही, नुसती हनुवटी उचलून गवताच्या गंजीकडे दाखवतो. शेजाऱ्याला घेऊन जातात, तो परत येत नाही. लढाई संपते. गावातलं कुणीच फाटकवाल्याला बोल लावत नाही. सगळे म्हणतात, तू दाखवलं नसतंस तर तुला गोळी घातली असती. त्यांचा पुजारी घरी येऊन सांगतो की ती देवाची इच्छा होती, तू मनाला लावून घेऊ नकोस. तर हा बाबा म्हणतो, नको, मला ते नको. अंमलदारानं विचारलं हे खरं, पण हनुवटी माझी होती. मी केलं. ते माझ्याकडेच राहू दे.

मला त्याचा राग आला. माणसानं एवढं ताठ असू नये. चूक झाली तर देवापुढे नाक घासावं, देव पदरात घेतो, असं मी लहानपणापासून ऐकलं आणि मानलं. पुजारी चालून दारात येतो आणि हा त्याला परत पाठवतो. मी लेकीला विचारलं की असली पुस्तकं कशाला लावतात तुम्हाला, यात ना देव ना धर्म.

ती म्हणाली, परीक्षेत हाच प्रश्न येणार आहे, नायकानं माफी का नाकारली. "तू सांग की. तू असतीस तर काय केलं असतं?"

"देवाच्या पायावर ठेवलं असतं."

"म्हंजी देवावर ढकलायचं."

"ढकलायचं न्हाई. ठेवायचं. दोन्हीत फरक हाय."

फरक काय, असं तिनं विचारलं. मला सांगता येईना. तिला भूक लागली होती, मी उठून खिरीचं बघायला गेले.

आता माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहिलं पाहिजे. ती आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. तिला मूलबाळ नाही. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, शिरूरला असतो. बाळ-बाळंतिणीचं अंग चोळावं तर तिनंच. तिच्या हाताखाली रडकं पोर निवतं. रोज सकाळी ती यायची, दोघांना चोळून न्हाऊ घालायची आणि दुपारी धुणं वाळत घालून उंबऱ्यात बसायची. ती शाळेत गेलेली नाही. मी वाचायला लागले की तीही ऐकायची. मला आधी लाज वाटली, मग सवय झाली.

पुजाऱ्याला परत पाठवलं ते पान वाचलं त्या दुपारी ती उंबऱ्यातच होती. माझं आणि लेकीचं बोलणं तिनं ऐकलं होतं. मी खीर घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, "आक्का, मला तर त्या माणसाची कीव येती. त्याच्याकडं देव बोलत न्हाई ना. आपल्याकडं आई बोलती, म्हणून माणूस सोसतं."

हे ती माझ्याकडे बघून, मायेनं म्हणाली. मी वाटी लेकीच्या हातात द्यायच्या ऐवजी बाजेच्या कडेवर टेकवली आणि खीर चादरीवर सांडली.

माझ्या अंगात देवी येते. येत होती, असं लिहायला पाहिजे. ओढ्याकाठी आईचं ठाणं आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी हलगी वाजत असताना मला पहिल्यांदा वारं आलं. पायांपासून थरथर वर चढली, केस सुटले, आणि पुढचं मला आठवत नाही. लोकांनी नंतर सांगितलं की मी सासऱ्यांना एकेरीत हाक मारली आणि त्यांनी हात जोडले. तेव्हापासून मंगळवारी बायका यायला लागल्या. पोरगी नांदेल का, म्हैस दूध का चोरती, बोअर कुठं घ्यावी. एरवी मला भाजीत मीठ पुरतं का एवढंही कुणी विचारत नव्हतं. मंगळवारी सरपंचाची आई माझ्या पाया पडायची.

ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. आजही म्हणत नाही. आई येते यावर माझा विश्वास आहे. पण एकदा, आठ वर्षांपूर्वीच्या जत्रेत, आई येऊन गेली होती आणि मी तरी बोलले.

त्या वर्षी दिराला शिरूरकडच्या कारखान्यात कायम नोकरी लागली होती. त्यानं तिकडे खोली बघितली. जाऊही जाणार होती. तिकडे कपडे शिवायच्या कामाला बायका घेत होते, तिनं तेही विचारून ठेवलं होतं. तिची पत्र्याची पेटी भरून तयार होती. आणि सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं हगणं-मुतणं, भरवणं, कूस बदलणं आम्ही दोघी मिळून करत होतो. ती गेली असती तर सगळं माझ्या एकटीवर आलं असतं. मी रोज तिची पेटी बघायची आणि मनात चरफडायची. तोंडानं मात्र "जा बाई, सुखानं नांदा," असं म्हणायची.

जत्रेत वारं आलं. नेहमीसारखं आलं आणि नेहमीसारखं उतरायला लागलं. हलगी वाजतच होती. माझे पाय मला माझे वाटायला लागले. पायाखालचा खडा टोचला, तोही कळला. तेवढ्यात दीर पुढे आला आणि नारळ ठेवून म्हणाला, "आई, शिरूरला बिऱ्हाड करायचं म्हणतोय. कौल दे."

मी तेव्हा डोळे उघडून बाजूला बसले असते तर काही झालं नसतं. वारं उतरलं, असं लोक म्हणाले असते. पण मी डोळे किलकिले ठेवले आणि आईचा आवाज काढला. म्हणाले, घराला दोन चुली करू नका, म्हातारीचा जीव तळमळंल, धाकटीनं उंबरा सोडायचा न्हाई.

दीर एकटा शिरूरला गेला. जावेनं पेटी रिकामी केली. पुढची चार वर्षं, सासूबाई जाईपर्यंत, तिनं माझ्यापेक्षा जास्त केलं. दीर आधी दर रविवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग जत्रेला. तिकडे त्याचं दुसरं घर झालं आहे हे सगळ्यांना माहीत झालं, पण ते कुणी बोलत नाही. सासूबाई गेल्यावरही जाऊ गेली नाही. आईनं सोडलं नाही ना अजून, म्हणायची. जाऊ का, हे तिनं परत कधी विचारलं नाही, आणि तू जा, असं मी कधी सांगितलं नाही.

मी हे आठ वर्षं देवाच्या पायावर ठेवलं होतं. रोज सकाळी दिवा लावताना मनात म्हणायची, आई, तुझ्या नावानं झालं, तूच सांभाळ. त्याला मी ठेवणं समजत होते. लेकीला फरक सांगता येईना, तो याच्यामुळं. ठेवायचं तर आधी आपलं म्हणून हातात धरावं लागतं. मी हातात धरलंच नव्हतं. लांबून लोटलं होतं.

खीर सांडली त्यानंतर तीन दिवस मी वाचलं नाही. डोळे दुखतात असं सांगितलं. लेक म्हणाली, "बाळंतीण मी हाय का तू?" चौथ्या दिवशी जाऊ मागच्या अंगाला बोअरच्या मोटारीच्या पाण्यावर बाळाची दुपटी धूत होती. मी जाऊन तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि एक दुपटं पिळायला घेतलं. कुठून सुरू करावं कळेना. शेवटी खाली बघूनच सांगितलं. पेटीचंही सांगितलं, खड्याचंही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. दुपटं धुऊन झालं, दुसरं घेतलं. मग म्हणाली, "तवा मी, आई न्हाई म्हणंल या भ्यानं, खांबाला धरून रडत व्हते. ते दिसलं का तुम्हाला?"

मी खोटं बोलू शकले असते. "दिसलं," म्हणाले.

"दिसल्यावर बोलला का त्याच्या आधी?"

"दिसल्यावर."

ती उठली. बादली घेऊन तारेकडे गेली, एकेक दुपटं झटकून वाळत घातलं. परत येऊन म्हणाली, "तुम्ही मला हे सांगायला नको व्हतं. आईचा शब्द म्हणून मी आठ वर्सं काढली. आता कुणाचा शब्द म्हणून काढली म्हणू?"

मला वाटलं होतं की सांगितल्यावर ती रडेल, शिव्या देईल, मग मी पाय धरीन आणि काहीतरी संपेल. तिच्याजवळ होतं तेवढंही मी काढून घेतलं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी मला मोकळं करायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळी आली. बाळाला चोळलं, लेकीला चोळलं. माझ्याशी बोलली नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "उद्या शिरूरला जायचं. तुम्ही बी चला. जे मला सांगितलं ते त्यांच्या म्होरं सांगायचं."

लेकीला आम्ही काय सांगितलं ते आता आठवत नाही. बहुतेक दवाखान्याचं काहीतरी. शेजारणीला तिच्याजवळ बसवून आम्ही निघालो. न्हावऱ्याला एसटी बदलली. सगळ्या वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते आणि ती खिडकीबाहेर उसाकडे बघत होती.

दिराची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दार एका बाईनं उघडलं. तिनं आम्हाला ओळखलं, डोक्यावर पदर घेतला आणि आत जाऊन भांडी वाजवायला लागली. दीर पाळीवरून नुकताच आला होता, बनियनवर बसला होता. आम्हाला बघून त्यानं घाईनं शर्ट घातला. बटणं वरखाली लागली.

जाऊ उभीच राहिली. मला म्हणाली, "सांगा."

तीस वर्षांत मी त्याच्याशी थेट बोलले नव्हते, आणि बोलायचं ते हे. जाऊ वाट बघत उभी होती. मी फरशीकडे बघून सांगितलं, त्या दिवशी कौल आईनं दिला नव्हता, वारं उतरलं होतं, मी माझ्या मनाचं बोलले.

त्यानं ऐकून घेतलं आणि हसला. "वहिनी, एवढ्यासाठी आला? मला तवाच कळलं व्हतं. आई कवा दोन चुलींचं, म्हातारीच्या जिवाचं बोलती का? पण मला एकट्यालाच यायचं व्हतं. तुम्ही बोलला, माझं काम सोपं झालं. मला हिला तोंडानं न्हाई म्हणावं लागलं न्हाई." मग आत वळून म्हणाला, "च्या टाक गं."

जावेनं पायात चपला सरकवल्या. "हे तवा माझ्या तोंडावर बोलायचं व्हतं," म्हणाली. "मी मेले नसते." एवढंच. चहा न घेता आम्ही जिना उतरलो.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. एसटीत बसल्यावर मला हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं. त्याच्याच मनात होतं, मी नसते बोलले तरी त्यानं काहीतरी काढलंच असतं, असं मी मनात घोळवायला लागले. निमोण्याचा फाटा गेला तरी मी तेच घोळवत होते. गावातले लोक त्या फाटकवाल्याला जे सांगत होते तेच मी मला सांगत होते, आणि मला ते गोड लागत होतं. आणि हे मनात ठेवलं असतं तरी एक वेळ. मी ते तिला बोलून दाखवलं.

"बघ, त्याच्याच मनात व्हतं," म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "त्यांचं त्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या, आक्का. तुमचं तुमच्याकडं. दोन्ही एकात मिसळू नका."

तिनं ती कादंबरी ऐकली होती म्हणून ती असं म्हणाली, असं मला वाटत नाही. तिला ते आधीपासून माहीत असणार. मला मात्र कादंबरी वाचूनही कळलं नव्हतं. मी पुस्तक वाचताना पूर्ण वेळ त्या माणसाला देवाधर्माच्या मापानं मोजत बसले. तो नाक का घासत नाही, देवाचं नाव का घेत नाही. देवाचं नाव मी घेतलं होतं. तोंड भरून घेतलं होतं, आईच्याच आवाजात. त्यानं निदान देवाला आपल्या हनुवटीचा साक्षीदार केलं नाही.

मी अजून देव मानते. त्या पुस्तकात आकाश रिकामं आहे असं पानोपानी लिहिलं आहे, ते मला पटत नाही. आकाश रिकामं असतं तर बरं झालं असतं, असं मात्र एकदोनदा वाटलं. मग बघणारी फक्त जाऊ राहिली असती. आई बघत होती आणि तिच्या तोंडात मी माझे शब्द घातले, हे रिकाम्या आकाशापेक्षा वाईट आहे.

उतरताना जावेनं एवढंच विचारलं की मंगळवारी काय करणार. मी म्हणाले की सांगणार, लोकांपुढे सांगणार. "माझं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "लोकं मलाच येडी म्हणतील."

लेकीची परीक्षा चार दिवसांवर होती तेव्हा पुस्तक वाचून संपलं. फाटकवाल्याचं शेवटी काहीच होत नाही. तो गाड्यांना हिरवं निशाण दाखवत राहतो. लेकीनं परत तोच प्रश्न विचारला, त्यानं माफी का नाकारली. मी म्हणाले, ज्याची माफी मागायची तो माणूस मेला होता, म्हणून. तो जिवंत असता तर याला पुजाऱ्याकडे नाही, त्याच्या दारात जावं लागलं असतं. लेक म्हणाली, हे मी पेपरात लिहिते. मी म्हणाले, माझं नको लिहू, सरांनी सांगितलं ते लिही.

तिला मी काहीच सांगितलेलं नाही. ती दौंडला गेली.

मंगळवारी ठाण्यावर वीसेक बायका होत्या. हलगी सुरू झाली आणि माझ्या पायांत थरथर आली. खरी होती की सवयीची, मला आता कळत नाही. मी खांब घट्ट धरला आणि हलगीवाल्याला हातानं थांबवलं. मी म्हणाले, "मागं एकदा मी आईचं नाव घेऊन माझंच बोलले. कुणाचं तरी नुकसान झालं. आता मला कुणी कायी इचारू नका."

हे मी माझ्या आवाजात म्हणाले, आणि माझा आवाज केवढा ते सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "ऐकू न्हाई आलं गं. मोठ्यानं बोल."

मी परत तोंड उघडलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. आणि दुसऱ्यांदा मी मोठ्यानं एवढंच म्हणाले, "आता अंगात येत न्हाई."

बायका हळहळल्या. आई कोपली असंल, उपास धर, असं सांगून नारळ परत पिशवीत घालायला लागल्या. पहिलं वाक्य पुढच्या दोघीतिघींनी ऐकलं, दुसरं सगळ्यांनी. जाऊ सगळ्यांच्या मागे, ओढ्याच्या बाजूला उभी होती. तिच्यापर्यंत यातलं काय पोहोचलं, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.